मैत्रिणीच्या हातून येणारी सावकारी

नंदुरबार जिल्ह्यातील श्रमिकांना सावकारीची ओळख करून देण्याची गरज नाही. शहादे-तळोद्याच्या सपाटीवरील आदिवासींच्या जमिनी कोणत्या वाटेने गेल्या, ऊसतोडीची उचल घेऊन गुजरातेत गेलेले कुटुंब हंगामाच्या अखेरीस रिकाम्या हाताने का परत येते, हे येथील प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. तो सावकार बाहेरून येई. त्याचा वाडा, त्याची वही आणि त्याचा मुनीम गावाला दिसत असत, आणि जो दिसतो त्याच्याविरुद्ध मोर्चा काढता येतो. साखळी पद्धतीच्या विक्री योजनांच्या रूपाने जी नवी लूट खेड्यापाड्यांत शिरते, तिचे वैशिष्ट्य असे की तिला वाडा नाही आणि मुनीमही नाही. ती नणंदेच्या, मावसबहिणीच्या, बचत गटातल्या सोबतिणीच्या तोंडून बोलते. म्हणूनच ती ओळखणे कठीण, आणि ओळखल्यावरही तिच्याविरुद्ध उभे राहणे त्याहून कठीण.

या योजनांची रीत सर्वत्र सारखीच असते. एखादी ओळखीची बाई घरी येते. ‘वहिनी, एकदा मीटिंगला तर चला, पटले नाही तर सोडून द्या,’ असे म्हणते. तालुक्याच्या गावी एखाद्या सभागृहात टाळ्यांच्या गजरात कोणी परका मनुष्य चारचाकीची, परदेश प्रवासाची, ‘आर्थिक स्वातंत्र्या’ची चित्रे रंगवतो. नंतर सांगण्यात येते की काही हजार रुपये भरून मालाचा एक संच घ्यायचा आणि सभासद व्हायचे. संचात साबण, चहा, शक्तिवर्धक भुकटी किंवा सौंदर्यप्रसाधने असतात. पुढे आपल्या हाताखाली माणसे जोडायची. त्यांनी भरलेल्या पैशांतून काही भाग मिळेल. त्यांनी जोडलेल्या माणसांच्या पैशांतूनही मिळेल. माल विकण्याविषयी थोडे बोलले जाते, माणसे जोडण्याविषयी फार. योजनेचे मर्म या प्रमाणातच आहे. जेथे मिळकत माल खपण्यावर अवलंबून असते तेथे व्यापार असतो. जेथे ती नवे सभासद भरती होण्यावर अवलंबून असते, तेथे मागाहून येणारीचे पैसे आधी आलेलीला वाटले जातात आणि मोठा वाटा वरच्या वर जातो. मधे ठेवलेला साबण हा केवळ आडपडदा होय.

अशी योजना बहुसंख्यांना का बुडवते, हे समजण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही. एकीने पाच जणी जोडायच्या, त्या पाचांपैकी प्रत्येकीने आणखी पाच, असा नियम आहे असे समजावे. पहिल्या ओळीत ५, दुसऱ्या ओळीत २५, तिसऱ्या ओळीत १२५. तीनशे प्रौढ स्त्रियांचे गाव घेतले तर पहिली बाई धरून १५६ जणी येथवरच आत आल्या. आता तिसऱ्या ओळीतील १२५ जणींना प्रत्येकी पाच सोबतिणी हव्यात, म्हणजे ६२५ स्त्रिया हव्यात. गावात उरल्या आहेत १४४. गाव संपले म्हणून शेजारच्या गावी जावे, तर तेथेही दुसऱ्या कोणाची साखळी पोहोचलेली असते. हाच हिशेब पुढे नेला तर नवव्या ओळीत १९,५३,१२५ माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची एकूण लोकसंख्या, पाळण्यातल्या बालकांसह, १६,४८,२९५ होती. अवघ्या नवव्या पायरीवर जिल्हाच अपुरा पडतो.

याहून महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. साखळी तिसऱ्या ओळीवर थांबो की आठव्या, सर्वांत खालच्या ओळीत दर पाचांपैकी चार जणी असतात, आणि त्यांच्या हाताखाली कोणीच नसते. वरच्या उदाहरणात १५६ पैकी १२५ जणी अशा आहेत. म्हणजे पाचांतील चौघींचा तोटा हा त्यांच्या आळसाचा किंवा भिडस्तपणाचा परिणाम नसतो. तो योजनेच्या बांधणीतच असतो. त्या चौघी तोट्यात राहिल्याशिवाय पाचवीला नफा मिळूच शकत नाही. सभागृहात मात्र उलटे शिकवले जाते. ‘ज्या मेहनत करतात त्या पुढे जातात, ज्या हरतात त्यांची जिद्दच कमी पडते,’ असे सांगून गणिताचा दोष बाईच्या चारित्र्यावर ढकलला जातो. परिणामी पैसे गेलेली बाई तक्रार करीत नाही. लाजेने गप्प बसते. तिचे हे मौन हेच या धंद्याचे खरे भांडवल आहे.

अमेरिकेसारख्या संपन्न देशातही चित्र निराळे नाही. तेथील संघीय व्यापार आयोगाने २०२४ साली अशा ७० कंपन्यांनी स्वतःच प्रसिद्ध केलेल्या उत्पन्नाच्या निवेदनांचा अभ्यास केला. बहुसंख्य सभासदांची वर्षाची मिळकत १,००० डॉलर किंवा त्याहून कमी होती, आणि माल, प्रवास व प्रशिक्षण यांवर त्यांनी केलेला खर्च त्यातून वजा केलेला नव्हता. आल्बानियात नव्वदीच्या दशकात साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर मनोऱ्यासारख्या रचनेच्या ठेव योजनांनी जवळजवळ सारा देश व्यापला. १९९७ साली त्या कोसळल्या, तेव्हा लोकांनी शस्त्रागारे लुटली, सरकार पडले आणि सुमारे दोन हजार माणसे प्राणास मुकली. लोकांनी घरे व गुरे विकून पैसे गुंतवले होते.

महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. पर्ल्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पीएसीएल कंपनीने जमिनीच्या नावाखाली देशभरातील सुमारे ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये गोळा केल्याचे सेबीने २०१४ च्या आदेशात नमूद केले. ही ठेव योजना होती, साबणाची साखळी नव्हती. पण पैसे गोळा करणारी माणसे त्याच पद्धतीने, पायरी-पायरीच्या दलालीवर जोडलेली होती. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली परतफेडीसाठी समिती नेमली, आणि ठेवीदारांची वर्षे अर्ज भरण्यात व वाट पाहण्यात गेली. त्याच वर्षी मैत्रेय समूहाविरुद्ध नाशिकमध्ये गुन्हा दाखल होऊन संचालकांना अटक झाली. या समूहाच्या सर्वोच्च पदावर एक स्त्री होती, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे. ‘चालवणारी बाई आहे, म्हणजे बाईला फसवणार नाही,’ हा विश्वास किती पोकळ असतो, याचा धडा त्यातून घ्यावयाचा. शोषणाच्या यंत्राच्या शिखरावर कोण बसले आहे यावरून यंत्राचा स्वभाव बदलत नाही.

मग स्त्रियांनाच, आणि त्यातही नंदुरबारसारख्या जिल्ह्यातील स्त्रियांना, याचा धोका अधिक का? पहिले कारण उघड आहे. जेथे काम नाही तेथे स्वप्न स्वस्तात विकता येते. नंदुरबारच्या मिरची पथारीवर दिवसभर राबणाऱ्या, हंगामात शेतमजुरीला जाणाऱ्या आणि उरलेले महिने कामाच्या शोधात घालवणाऱ्या बाईपुढे कोणी ‘घरबसल्या महिना दहा हजार’ असे म्हणाले, तर तिने ऐकू नये असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? दुसरे कारण असे की, या स्त्रियांच्या हाती थोडा का होईना पैसा येऊ लागला आहे. बचत गटांतील शिल्लक, गटाच्या नावावर मिळणारे कर्ज, सूक्ष्म वित्त कंपन्यांचे हप्ते, आणि २०२४ पासून लाडकी बहीण योजनेतून खात्यात जमा होऊ लागलेले दरमहा १,५०० रुपये. गरिबाच्या घरी दिवा लागला की त्याच्या उजेडात पहिला येतो तो लुटारू, हा इतिहासाचा दाखला आहे. सभासदत्वाची रक्कम जवळ नसली तर ‘कर्ज काढा, पहिल्याच महिन्यात फिटेल,’ असा सल्ला तयार असतो. मग आठवड्याचा हप्ता चुकतो, तो भरण्यासाठी हातउसने घेतले जाते, शेवटी चांदीचे दागिने गहाण पडतात. दागिने जेथे गहाण पडतात ती पेढी मात्र जुन्याच सावकाराची असते. नवी लूट जुन्या लुटीच्या दारात आणून सोडते ती अशी.

तिसरे कारण सर्वांत गंभीर आहे. या योजना ज्या मालावर चालतात तो माल कंपनीच्या कारखान्यात तयार होत नाही. तो गावात, बायकांच्या आपसातील विश्वासात तयार होतो. सातपुड्यातील आदिवासी गावांत एकमेकांच्या शेतावर विनामजुरी राबण्याची जुनी रीत आहे; तिला लाह म्हणतात. आज एका घराच्या शेतावर सारे जमतात, उद्या दुसऱ्याच्या. त्यात घेणारा उद्या देणारा होतो, आणि वर्तुळ पूर्ण होते. बचत गट हे या वृत्तीचेच आधुनिक रूप मानले पाहिजे. साखळी योजना बाहेरून अशीच दिसते. ‘एकमेकींना पुढे नेऊ या’ ही तिचीही भाषा आहे. परंतु तिच्यात वर्तुळ कधीच पूर्ण होत नाही. पैसा खालून वर जातो आणि परत येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली परस्परांची भीड ती एका हंगामात विकून खाते. योजना बुडते तेव्हा कंपनीचे फलक उतरतात. पण ज्या बहिणीने बहिणीला आत ओढले, त्या दोघी एकाच पाड्यावर, एकाच हातपंपावर समोरासमोर येत राहतात. पैशाचा तोटा कधी तरी भरून निघेल. गट मोडला, बोलणे तुटले, तर ते भरून निघण्यास एक पिढी लागते.

मालाच्या नावाने आणखी एक अनर्थ होऊ शकतो. साखळीतून विकल्या जाणाऱ्या भुकट्या आणि गोळ्या यांना सर्व रोगांवरील रामबाण उपाय म्हणून खपवण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. नंदुरबारमधील आदिवासी समाजाला सिकलसेल या रक्ताच्या आजाराने ग्रासले आहे, आणि धडगाव-अक्कलकुव्यातील बालकांचे कुपोषण हा जुना कलंक आहे. अशा ठिकाणी एखाद्या आईने सरकारी दवाखान्यातील औषध थांबवून महागडी भुकटी सुरू केली, तर तोटा केवळ पैशांचा राहत नाही. रोग बरे करण्याचे चमत्कारी दावे करणाऱ्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मर्यादा घातलेली आहे. मैत्रिणीने अंगणात बसून केलेल्या जाहिरातीवर मात्र कोणाचे लक्ष नसते.

कायद्याची स्थिती कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतली पाहिजे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या जेम्स राज समितीच्या शिफारशींनंतर, १९७८ साली, केंद्रात जनता पक्षाचे सरकार असताना, बक्षीस चिठ्ठ्या व पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. सभासद भरतीच्या भरवशावर पैसे देण्याचे वचन देणारी योजना, तिला नाव कोणतेही असो, या कायद्याने निषिद्ध आहे. चालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु स्त्रियांना सांगावयाची गोष्ट याच्या पुढे आहे: हा कायदा केवळ चालकाला लागू नाही. अशा योजनेत सभासद होणे, सहभागी होणे, तिच्यासाठी पैसे घेणे वा पाठवणे यांनाही त्यात मनाई आहे. म्हणजे जी बाई पाच जणींकडून पैसे गोळा करून वर पाठवते, ती लुबाडली गेलेली असूनही कायद्याच्या कक्षेत सापडू शकते. कंपनीचा मालक दूरच्या शहरात वकिलांच्या गराड्यात सुरक्षित असतो. गावाला सापडते ती हीच.

२०२१ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने थेट विक्रीविषयीचे नियम काढले. त्यांनी मनोऱ्याच्या व पैसे फिरवण्याच्या योजनांना मनाई केली. ‘दुसरी गिऱ्हाइके आणा म्हणजे तुमची किंमत वसूल होईल,’ असे सांगून माल गळ्यात मारण्यास मनाई केली. विक्रेत्याने ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ नये असे सांगितले. या कंपन्यांवर देखरेख ठेवणारी यंत्रणा प्रत्येक राज्य सरकारने उभारावी, असेही त्यांत म्हटले आहे. ही यंत्रणा नंदुरबार जिल्ह्यात कोणत्या कार्यालयात बसते आणि कोणत्या पाड्यापर्यंत पोहोचते, हे पालकमंत्र्यांना व जिल्हाधिकाऱ्यांना जाहीरपणे विचारले गेले पाहिजे. प्रतिष्ठित कंपन्याही वादातीत नाहीत. एप्रिल २०२२ मध्ये अंमलबजावणी संचालनालयाने ॲमवे इंडियाची ७५७ कोटी ७७ लाख रुपयांची मालमत्ता टाचेखाली आणली आणि थेट विक्रीच्या आडून मनोऱ्याची योजना चालवल्याचा आरोप ठेवला. आरोप म्हणजे न्यायनिर्णय नव्हे, हे खरे. तथापि इतक्या मोठ्या नावाबाबत सरकारच्याच तपास यंत्रणेला अशी शंका येते, तेव्हा मोठे नाव हा निर्धास्त होण्याचा आधार ठरू शकत नाही, एवढे तरी निश्चित.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो प्रामाणिक आहे. या योजनांमुळे बाई घराबाहेर पडली, चार लोकांत बोलू लागली, तिचे नाव टाळ्यांच्या गजरात पुकारले गेले. हे काय कमी आहे? ही गोष्ट हसून टाळण्याजोगी नाही. आयुष्यात प्रथमच कोणी तरी तिला ‘तुम्ही करू शकता’ असे म्हटले, आणि ते म्हणणारा तिला लुटण्यासाठी आलेला होता, यात दोष तिचा नाही. तिच्या कर्तृत्वाची भूक ज्यांनी आधी ओळखावयास हवी होती, त्या संघटनांनी ती ओळखली नाही, असाही याचा अर्थ होतो. मात्र बोलण्याचे धैर्य मिळवण्यासाठी नंदुरबारच्या स्त्रीला सभागृहातील परक्याची गरज नाही. १९७२-७३ च्या सुमारास, हा भाग धुळे जिल्ह्यात असताना, अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळीतून शहादे परिसरातील आदिवासी स्त्रिया पुढे आल्या. त्यांनी गावोगाव दारूची मडकी फोडली, नवऱ्याच्या मारहाणीचा जाब चारचौघांत विचारला. त्यासाठी त्यांनी कोणाला प्रवेशाची रक्कम भरली नव्हती, आणि एकीच्या पुढे जाण्यासाठी दुसरीला बुडावे लागले नव्हते.

स्त्रीने धंदा करू नये असा याचा अर्थ कोणी काढू नये. पापड, मसाला, मिरची पूड, शिवणकाम, शेळीपालन यांत कष्ट अधिक व नफा थोडा असतो. पण मिळणारा रुपया गिऱ्हाइकाने वस्तूसाठी दिलेला असतो, मैत्रिणीच्या बुडीत रकमेतला नसतो. खरा धंदा व साखळी यांतील फरक चार साध्या प्रश्नांनी कळतो. आत येण्यासाठी पैसे भरावे लागतात काय? एकही माणूस न जोडता, केवळ माल विकून पोट भरेल काय? बाजारात तीच वस्तू या किमतीला कोणी विकत घेईल काय? न खपलेला माल परत घेऊन पैसे देण्याची लेखी हमी आहे काय? यांपैकी एकाही प्रश्नाला आढेवेढे घेतले गेले, तर पैसे मोजू नयेत.

परंतु एकेकट्या बाईने शहाणे व्हावे, एवढे सांगून कार्यकर्त्यांचे काम संपत नाही. नात्याच्या भिडेला एकटीने नकार देणे अवघड असते; गटाने दिलेला नकार सोपा असतो. ‘गटातील कोणतीही सभासद गटाच्या बैठकीत चर्चा झाल्याशिवाय अशा योजनेत पैसे भरणार नाही, आणि गटाचे कर्ज यासाठी वापरले जाणार नाही,’ असा ठराव प्रत्येक बचत गटाने वहीत लिहून घ्यावा. मग दारात आलेल्या नणंदेला ‘माझी ना नाही, पण गटाचा ठराव आहे,’ असे सांगता येते आणि नातेही राहते. वर दिलेले पाच, पंचवीस, सव्वाशेचे गणित महिला मेळाव्यात खडे मांडून दाखवावे; अक्षर न येणाऱ्या बाईलाही ते कळते, कारण हिशेबात ती कच्ची नसते. ज्यांचे पैसे गेले आहेत त्यांना पावत्या, फोनवरील संदेश आणि बँकेच्या नोंदी जपून ठेवण्यास सांगावे; त्यांना एकत्र आणून पोलीस ठाण्यात सामूहिक तक्रार द्यावी. मालाच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ठेवी बुडाल्या असतील तर ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदा आणि अनियंत्रित ठेव योजनांवरील केंद्राचा २०१९ चा कायदा हाताशी आहेत.

आणि जी बाई इतरांना घेऊन या योजनेत शिरली, तिला गावाच्या कठड्यात उभे करू नये. तिने पैसे घेतले हे खरे. तिचेही गेले हे तितकेच खरे. तिला माहीत असते की वरची दोरी कोणाच्या हाती होती, पैसे कोणत्या खात्यात गेले, सभागृहात कोण बोलले. तिला वाळीत टाकले तर ही माहिती तिच्याबरोबरच गप्प होते आणि कंपनी नवे नाव घेऊन शेजारच्या तालुक्यात उभी राहते. तिला विश्वासात घेतले तर सर्वांत उपयोगी साक्षीदार तीच ठरेल. ज्या मौनावर हा धंदा पोसला जातो, ते मोडण्याचे पहिले काम तिच्यापासून सुरू होते, आणि तिला बोलते करण्याइतकी माया गावात शिल्लक असताना ते केले गेले पाहिजे.